मारुतीपर्यंतचा रस्ता

लग्नाआधी नवरदेवाने घोडीवरून मारुतीच्या पाया पडायला जायचे, हा आमच्या घराचा रिवाज. संगमनेरजवळच्या आमच्या गावात घर एका अंगाला, मारुती दुसऱ्या, आणि मध्ये नाशिक-पुणे रस्ता. एकाहत्तर साली, दादाच्या लग्नात, त्या रस्त्यावरून ट्रक धावत होते. ही बातमी माझ्या थोरल्या चुलत्यांपर्यंत मात्र पोचलेली नव्हती.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. दादा जन्मात घोड्यावर बसला नव्हता, म्हणून आदल्या दिवशी मी घोडीवाल्याला गाठले.

"हलगी वाजली की ती जागीच नाचती, ताई. थांबली की चालती," तो म्हणाला.

मग रस्त्याकडेला उभे राहून मी मोजले. वळणावर ट्रक दिसल्यापासून समोर येईपर्यंत नऊ आकडे. चालत ओलांडायला सात. नाचत ओलांडायला किती, याला उत्तरच नव्हते.

"रस्ता ओलांडेपर्यंत हलगी बंद ठेवा," एवढेच मी चुलत्यांना म्हटले.

"मुकी मिरवणूक कशाची असती, ठावं हाय ना? लई शिकलीस व्हय! नवरदेवाच्या कट्यारीला लिंबू हाय. काय हुत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या कट्यारीमुळे दादाला लगामासाठी एकच हात उरला होता. करवली म्हणून मी दिवा घेऊन मागे. हलगीवाला दम खात होता तेवढ्यात घोडी रस्त्यावर आली, आणि ऐन मध्यावर मामा ओरडले, "हू द्या जोरात!" हलगी कडाडली, घोडी मागच्या पायांवर उभी राहिली, आणि वळणावर ट्रक दिसला. पाहुणे पांगले, जाता जाता ट्रकला हात करून थांबायची आज्ञा देण्याइतकी त्यांची अक्कल शाबूत होती.

मी दिवा टाकला, पुढे धावले आणि हलगीवर दोन्ही पंजे दाबले. घोडी चारी पायांवर आली आणि शहाण्यासारखी चालू लागली. त्या जमावात तेवढी एकटीच. ट्रक तिच्या शेपटीमागून गेला.

"लिंबू हाय ना जागेवर?" पांढऱ्याफटक चेहऱ्याने दादाने विचारले.

"त्यानंच तारलं," चुलते म्हणाले. "आन् हिनं दिवा इझवला."

वाद घालायची ती जागा नव्हती. परतताना मी हलगीवाल्याच्या दोन्ही काठ्या काढून घेतल्या, पदराखाली धरल्या आणि पुढे चालू लागले.

"करवली हाय का फौजदार?" मामा हसले.

घोडी मुकाट्याने पलीकडे पोचली. अंगणात मी काठ्या परत दिल्या. चुलत्यांनी लिंबाला कुंकू लावले.