सांगलीसाठी घेतलेलं विमान

चंदीगडला गेले ती भाचीला अडवायला. धाकटी बहीण मधू तिथे डॉक्टर आहे. तिची मुलगी इरा नगररचना शिकायला कॅनडाला जायचं म्हणते. एकदा व्हिसा नाकारला गेला, तरी ऐकत नाही. मधूचा फोन आला, "ताई, तू इतिहास शिकवलायस, तूच तिला समजाव." मी लगेच तिकीट काढलं. शहाणपण शिकवायची संधी मी सहसा सोडत नाही.

सांगलीहून दिल्ली आणि तिथून सकाळची शताब्दी. सोपा प्रवास आहे, फक्त आरक्षण आधी करा आणि फेब्रुवारीतही स्वेटर न्या. गाडीतला नाश्ता यथातथाच असतो, भूक छोल्यांसाठी राखलेली बरी. मी सतरा सेक्टरच्या चौकात दोन भटुरे हाणले. समोरच्या इमारतींवर व्हिसा मिळवून देणाऱ्यांच्या पाट्याच पाट्या होत्या.

संध्याकाळी सुखना तलावावर फिरताना मी विषय काढला. शंभरेक वर्षांपूर्वी कॅनडाने नियम केला, की हिंदुस्थानातून वाटेत कुठेही न थांबता थेट येणाऱ्यालाच उतरू देऊ. अशी थेट बोटच नव्हती. गेलेल्यांना बायकापोरं नेता येईनात, मताचा हक्क नव्हता. पुढे माणसं कमी पडली तेव्हा शिक्षण आणि कौशल्याला गुण देऊन बोलावू लागले. आता घरं पुरेनात, तशी विद्यार्थ्यांची संख्या कापली. गरज असली की या, सरली की जा. अशांच्या दारात कशाला उभं राहायचं?

इराला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर हिंदीतच देते. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, वो नियम बदले कैसे? लोग वहाँ डटे रहे, इसलिए ना? और यहाँ मैं महाराष्ट्र वाली हूँ, सांगली में पंजाबन. मुझे बाहर वाली होने की आदत है, यार."

मी विषय बदलून तिला तलावातली बदकं दाखवायला लागले. वर्गात असं क्वचितच झालं असेल.

दुसऱ्या दिवशी इरानेच गाडी काढली, मधूही बरोबर आली. जालंधरजवळच्या एका गावातला गुरुद्वारा बघायचा होता. रस्ता उत्तम, जायला तीनेक तास लागतात, वाटेत ढाब्यावर मक्याची रोटी जरूर खा. डोक्यावर घ्यायला ओढणी न्यायला विसरू नका. बाहेरच्या दुकानांत खेळण्यातली विमानं रांगेने मांडली होती. मी नातवासाठी एक निवडलं. दुकानवाल्या बाईंनी विचारलं, "किहड़े मुल्क जाणा है जी?" कुठल्या देशात जायचंय म्हणे! मी सांगितलं, सांगली. बाई हसायलाच लागल्या. इराने समजावलं, की ज्यांना परदेशी जायचंय ते इथे विमान वाहतात, व्हिसा मिळावा म्हणून. मी ओशाळले, तरी विमान पिशवीत टाकलं. इराला म्हटलं, तूही वाहा एक. ती म्हणाली, अर्ज पुन्हा करणार आहे, तेवढं पुरे.

लंगरमध्ये जेवलो. डाळीची चव अजून जिभेवर आहे. हात धुऊन आले तर मधू दिसेना, आणि माझी पिशवी हलकी. शोधत गेले तर ती माथा टेकायच्या रांगेत उभी, ओढणी नीट घेतलेली, दोन्ही हातांत माझं विमान. मुलीला अडवायला मला बोलावणारी हीच बाई! माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाणारच आहे ना ताई, मग नीट तरी जाऊ दे."

मला एकदम रडू आलं. मी तिच्यामागे उभी राहिले.

परत येऊन महिना झाला. नातवाला दुसरं विमान घेऊन दिलं. इराने नवा अर्ज केलाय, उत्तर अजून आलेलं नाही. तिला अडवायला गेलेली मी आता कॅनडाच्या बातम्या आधी वाचते आणि नियम थोडा जरी आवळला तरी चिडते. काल न राहवून मधूला विचारलं, याही वेळी नाहीच म्हणाले तर?

"तर पुन्हा रांगेत उभी राहीन," ती म्हणाली. "या वेळी विमान माझं मी घेईन."