पाहुण्यांनी खाल्लेले पापड

साक्रीच्या पश्चिमेला, जिथून डोंगर सुरू होतो त्या अंगाच्या एका गावात मी एका बाईचा धंदा बुडवला. बुडवत असताना मला पगार मिळत होता, प्रवासभत्ता मिळत होता, आणि वर्षअखेरीस पितळेसारखं दिसणारं प्लास्टिकचं एक स्मृतिचिन्हही मिळालं. त्यावर 'उत्कृष्ट क्षेत्र समन्वयक' असं लिहिलंय. नशिराबादच्या आमच्या घरात ते टीव्हीशेजारी आहे. बायको दर रविवारी त्यावरची धूळ पुसते. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. मुळात मी फार बोलणारा माणूस नाही, आणि ऑफिसात ही माझी अक्कल समजली जायची.

आमची संस्था गरीब कुटुंबांना लहान धंदे सुरू करून द्यायची. शेळ्या, कोंबड्या, पत्रावळ्या, पापड. गरिबाच्या पोटापाण्याला आमच्या कागदांत 'उपजीविका' म्हणत. आमच्या पोटापाण्याला काय म्हणायचं ते कुठं लिहिलेलं नव्हतं. माझं काम दर वर्षी नव्यानं मंजूर व्हायचं, आणि ते मंजूर व्हायला 'यशोगाथा' लागायच्या. निदान एक तरी. पानभर मजकूर, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. आधीच्या फोटोत बाईनं हसायचं नाही, एवढाच नियम.

माझी यशोगाथा म्हणजे नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करणारी ही बाई. वय तिशीच्या आत-बाहेर, सातवी शिकलेली, घरात नवरा, सासू आणि चौथीतली मुलगी. डोंगरउतारावर पावसाच्या भरवशाची जमीन. नागली, थोडा भात. दिवाळी झाली की त्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडीतलं एकटंच गेलं तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम तोंड वाकडं करतो. मुलगी दोन वर्षं आईबापाबरोबर उसाच्या पाल्यात राहिली, आणि परत आली तेव्हा वाचायचं विसरली होती.

पहिल्या भेटीत मी माझ्या फॉर्मवरचा प्रश्न वाचला, "तुमचं ध्येय काय?"

ती म्हणाली, "भाऊ, यंदा कोयत्यावर जायचं नाही. मी आणि पोरगी नाही."

मी लिहिलं : 'आर्थिक स्वावलंबन'.

पहिल्या वर्षी ते जमलं. आमच्यामुळे जमलं असं मी तेव्हा लिहिलं. आता लिहितो की तिच्या हातामुळे जमलं. आम्ही दिलं काय, तर एक मोठं पातेलं, दोन लाटणी आणि भिंतीवर लावायला संस्थेचा बोर्ड. नागलीचं पीठ जिरं-मीठ-पापडखार घातलेल्या उकळत्या पाण्यात शिजवायचं आणि हात पोळत असतानाच मळून लाटायचं. उकड गार झाली की कडा फाटतात. थंडीत ऊन थोडा वेळ असतं, म्हणून नऊच्या आत सगळा माल खाटेवर पडला पाहिजे. नाहीतर आतून ओला राहतो आणि आठवड्यात बुरशी धरतो. ती पहाटे चूल पेटवायची. पिंपळनेरच्या बाजारात गोणपाट टाकून बसायची. नवरा अर्ध्या कोयत्यानं गेला, पण ती आणि मुलगी घरी राहिल्या. मुलगी होळीपर्यंत धडे वाचायला लागली.

इथंच मी थांबायला हवं होतं. पण तशी पद्धत नाही. झाड लागलं की ते दाखवायला माणसं आणायची, अशी आमची पद्धत.

यशोगाथा पुस्तिकेत छापून आली, मुखपृष्ठावर ती. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पाहुणे सुरू झाले. आधी आमचेच वरचे लोक. मग त्यांच्या ओळखीचे. मग देणगीदार, प्रशिक्षणार्थी, कुठल्याशा बँकेचे साहेब, शिवाय डोंगर पाहायला आलेले आणि वाटेत गरिबीही पाहून घ्यावी असं वाटणारे. पाहुणे धुळ्याहून निघणार नाश्ता करून, पोचणार अकराला. आणि त्यांना 'प्रात्यक्षिक' हवं. मग मी आदल्या दिवशी फोन करायचो, "ताई, थोडी उकड आमच्यासाठी राखून ठेवा." ती राखायची. अकरापर्यंत ती चामड्यासारखी व्हायची, कडा फाटायच्या, आणि गॉगल केसांवर सरकवलेली एखादी बाई म्हणायची, "किती ऑथेंटिक आकार!"

त्यांचे प्रश्नही मला पाठ झाले होते. तुम्हाला आता कसं वाटतं? घरात निर्णय कोण घेतं? सक्षम झाल्यासारखं वाटतं का? ती लाटणं न थांबवता म्हणायची, "बरं वाटतं." कुणीतरी ते वहीत लिहून घ्यायचं.

मग खाणं. तिच्या घरात पाहुणा कोरडा जात नाही. निखाऱ्यावर भाजलेले पापड, मिरचीचा ठेचा, वर चहा. दहा-बारा माणसं भूक नसताना केवढं खाऊ शकतात ते पाहायचं असेल तर असल्या दौऱ्यात पाहावं. "अजून एक चालेल का?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता हात घालायचे. निघताना वानोळा म्हणून एकेक पुडकं. घरी आलेल्या माणसाकडून खाल्ल्याचे पैसे घेणं त्या घरात चपलेनं मारण्यासारखं समजतात. पाहुण्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि जाणून घ्यायची गरजही वाटली नाही. आयतं मिळालेल्या गोष्टीबद्दल चौकशी कोण करतो?

सासू ओट्यावर बसून हे सगळं बघायची. जीभ अशी की नागलीचा भुसा उडावा. गाडीचा आवाज आला की कोण आलं ते मला विचारायची, "आज कोन उनं भाऊ? नवरदेव का जवाई?" एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "तुन्हा पाव्हना पापड देखाले येतस का खावाले?" एका साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतात आजी? मी म्हटलं, "स्वागत आहे म्हणतात." साहेबांनी हात जोडले. सासू त्या जोडलेल्या हातांकडे बघून थुंकली. तिच्या तोंडात मशेरी होती, तेव्हा तेही खपून गेलं.

कार्तिक सरता सरता सुनेनं मला अंगणाच्या कडेला बोलावलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"भाऊ, माल बाजारात जातच नाही. इथंच संपतो."

"ताई, यातूनच गिऱ्हाईक निघेल. जरा दम धरा."

"आम्हाला मागता येत नाही. घरी आलेल्याला कसं मागायचं? तुम्ही सांगा ना त्यांना. इथं नको, बाहेर गाडीपाशी. तुम्ही सांगितलं तर आमची लाज जात नाही."

"सांगतो," मी म्हटलं.

तिच्या रीतीत एवढी फट होती : घरच्यानं मागायचं नाही, पण मधल्या माणसानं सांगितलेलं चालतं. आणि मधला माणूस मी होतो. नंतरच्या पाहुण्यांना मी सांगितलं नाही. त्यानंतरच्यांनाही नाही. प्रत्येक वेळी गाडीपर्यंत जायचो आणि दार उघडून धरायचो.

मग मार्गशीर्षात धुळ्याचे एक शेठ आले. राजस्थानातून आलेलं घराणं, तीन पिढ्यांचं किराणा दुकान. आमच्या साहेबांनी देणगीच्या आशेनं आणले होते. या माणसानं तिला कसं वाटतं हे विचारलंच नाही. पापड उजेडात धरला, मोडून आवाज ऐकला, चाखला. "किती दिवस टिकतो? ओल कशानं धरतो? भाव काय?" इतक्या दिवसांत पापडाबद्दल प्रश्न विचारणारा हा पहिला. ती पहिल्यांदा लाटणं बाजूला ठेवून नीट बोलली. निघताना शेठनं ताटलीखाली नोटा सरकवल्या. तिनं पाहिलं आणि मान वळवून चुलीत फुंकर घालायला लागली. न पाहिल्यासारखं करायची तिची ती तऱ्हा होती. मी ते ओळखलं होतं. ओळखलं नव्हतं असं आज म्हणायची सोय नाही.

पण त्याच घटकेला साहेब अंगणात बोलत होते, "बघा शेठजी, हातात काही नाही, पण मन किती मोठं! पैशाची भाषाच नाही यांच्यात." आणि मी ताटलीखालच्या नोटा उचलल्या, गाडीपाशी गेलो आणि शेठच्या हातात परत ठेवल्या.

"राहू द्या शेठ. त्यांना वाईट वाटेल."

"वाईट?" शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "माल खाल्ला, पैसे दिले. यात वाईट काय? ही बाई धंदा करते का लंगर चालवते?"

साहेब हसले. "हेच तर यांचं मोठेपण!"

शेठनी नोटा खिशात घातल्या. गाडीत बसताना मला एकट्याला म्हणाले, "दुकानात ठेवावा म्हणत होतो मी. पण ज्या मालाला भाव नाही, तो मी विकू कसा?"

का केलं मी असं? बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो की तिच्या रीतीचा मान राखला. थाप आहे. साहेबांचं वाक्य सुंदर होतं आणि त्या वाक्यावर पुढच्या वर्षाची माझी मंजुरी लटकलेली होती. तिनं पैसे घेतले असते तर ती साधी दुकानदारीण झाली असती, आणि दुकानदारीण बघायला कोण डोंगर चढतं? तिचा धंदा पापडाचा होता. माझा धंदा ती होती, आणि दोघांपैकी माझाच जोरात चालला होता.

मी आत गेलो. ती ताटल्या गोळा करत होती.

"दिले होते ना त्यांनी?"

"हो."

"मग?"

"ताई, साहेब होते समोर..."

"बरं," ती म्हणाली. पाहुण्यांना म्हणायची तसंच. बरं वाटतं, मधलं बरं.

संक्रांतीनंतर मी पुढच्या भेटीसाठी फोन लावला. "ताई, मंगळवारी आठ जण येताहेत, पुण्याहून."

मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी मोठ्यानं हाका मारत होतं.

"भाऊ, मी उसात आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे उसात. नागली संपली, माल संपला. मुकादम परत आला होता गाडी घेऊन. पोरगी पण इथंच आहे." मग कुणाला तरी "आले, आले" म्हणाली, आणि मला, "सासू आहे घरी. तिला सांगा पाहुण्यांचं."

साधा माणूस असता तर त्यानं भेट रद्द केली असती. मी पिंपळनेरला गेलो, दुकानातून नागलीच्या पापडांची पाकिटं घेतली, कुठल्यातरी कारखान्यातली. बस स्टँडमागं उभं राहून ती फोडली, माल कापडी पिशवीत भरला. मंगळवारी सकाळी तो तिच्या खाटेवर पसरला. शेजारच्या एका बाईला लाटणं देऊन चुलीपाशी बसवलं. सासूनं एक शब्द काढला नाही. ती गप्प राहिली याचं मला बरं वाटलं. कसला मूर्ख होतो!

आठ जण आले. खाल्ले. "हाताची चव ती हाताचीच," एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ऊन, डोंगर, खाट, शेजारीण, सगळ्याचे फोटो झाले. मी नेहमीसारखं गाडीचं दार उघडून धरलं.

तेवढ्यात म्हातारी ओट्यावरून उतरली. काठी टेकत थेट गाडीपाशी आली आणि तळहात पुढं केला.

"पैसा द्या."

पाहुणे हसले. एकीनं मोबाइल वर केला.

"फोटो नको. पैसा. पापड इकतना शेत. आम्हना घरना ऱ्हातात ते मांगती नही."

"काय म्हणताहेत आजी?" मोबाइलवालीनं मला विचारलं.

आठही जण माझ्याकडे बघायला लागले. आशीर्वाद देतात म्हणालो असतो तरी चाललं असतं; तेवढं तर मला येत होतंच. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती, दिवाळीपासून बघत आली होती तशीच, आता काय सांगतोस बघू, अशी.

"पापड विकतचे आहेत म्हणतात," मी म्हटलं. "घरचे असते तर मागितले नसते. खाल्ल्याचे पैसे द्या म्हणतात."

कुणाला वाईट वाटलं नाही. कुणाची लाज गेली नाही. "अरे, हो हो, द्यायलाच हवेत," म्हणत पाकिटं निघाली, दोघांनी तर तूच दे, मीच देतो असंही केलं. अर्धं मिनिट लागलं असेल. त्या अर्ध्या मिनिटासाठी एक कोयता पुरा झाला होता आणि एक पोरगी उसाच्या पाल्यात बसली होती.

म्हातारीनं नोटा मुठीत धरल्या. पाहुणे गाडीत बसले तशी माझ्याकडे वळली.

"इतलंच व्हतं, भाऊ. तोंड उघाडनं व्हतं."

तिनं मूठ माझ्यापुढं केली.

"घे. तू इकत लई उना ना? मंग ह्या पैसा तुन्हा."

"अक्का, राहू द्या..."

"घे म्हनस ना! फुकटनं खावानी सवय आम्हले नही."

मागून गाडीचा हॉर्न वाजला. मी ते पैसे घेतले.