कोनाड्यातला रेडिओ

भोरच्या वाचनालयात रेडिओ आणायचं ठरलं, तेव्हा खोलीचा आराखडा माझ्याकडे दिला. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ज्या हेडमास्तरांच्या ओसरीवर राहून, भोरात वार लावून जेवून मी शिकलो, तेच कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी हे काम मला सांगावं, याचंच मला केवढं अप्रूप वाटलं.

लढाईचे दिवस होते. आमच्या हिर्डोशीकडच्या डोंगरातल्या घराघरांतली माणसं पलटणीत गेली होती. माझा धाकटा भाऊही. बाजाराला उतरणाऱ्या प्रत्येकाला तिकडची खबर हवी असे. म्हणून आराखड्यात मी रेडिओ रस्त्याकडच्या खिडकीशी तिरपा मांडला होता. आवाज खोलीतही यावा आणि बाहेरच्या ओट्यावरही. पेटीच्या पाठीला हवा, बॅटरी खालच्या फळीवर, एरियलची तार खिडकीतूनच वर बांबूला.

मध्ये मी महिनाभर पुण्याला गेलो. परत येऊन पाहतो, तर रेडिओ पूर्वेच्या भिंतीत, हातभर खोल कोनाड्यात! वर महिरप, पुढं दारं, दारांना कुलूप. पेटीला हळदकुंकू लावलेलं. समोर जाजम आणि लोड. धूळ येते म्हणून रस्त्याकडची खिडकी कायमची बंद. आवाज असा निघे, की रांजणात तोंड घालून कुणी बोलतंय.

"सर, याचं दर्शन घ्यायचं नसतं. हा ऐकायचा असतो," मी हेडमास्तरांना म्हणालो.

"मग काय रस्त्यावर ठेवू? तमाशा आहे का तो?"

"बाजारकरी कुठं बसतील?"

"आत यावं की. कुणी अडवलंय?"

कमिटीतले एक वकील हसले. "फक्त पाय धुऊन या म्हणावं."

खरंच, कुणी अडवलं नव्हतं. पण खांद्यावर घोंगडी, पायांना डोंगरवाटेची धूळ, अशा अवस्थेत आमच्याकडचा माणूस वकिलांच्या जाजमावर पाऊल टाकत नाही, हे भोरात जन्म काढलेल्यांना ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. त्याचाच मला आजही संताप येतो.

पुढच्या बाजाराला माझे वडील आले. इतरांबरोबर उंबऱ्याबाहेर उन्हात उभे राहिले. दुपारच्या बातम्या लागल्या.

"काय म्हनतुय त्यो?" मागून एकानं विचारलं.

"गप की मर्दा, ऐकू दे."

"काय ऐकतुस? डब्यात भुंगा कोंडलाय नुसता!"

सगळे हसले. वडील हसले नाहीत. "आपल्या पलटनीचं काय बोलला का रं?" त्यांनी मला विचारलं.

मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि आतलं एकेक वाक्य बाहेर मोठ्यानं सांगू लागलो.

"शांतता!" वकील ओरडले.

"खाली बस," सर म्हणाले. "वाचनालय आहे हे."

त्यांच्यापुढं मी कधी आवाज चढवला नव्हता. "बातम्या संपल्या की बसतो, सर," म्हणालो आणि पुढचं वाक्य आणखी मोठ्यानं सांगितलं.

बातम्या संपल्या. वडिलांनी विचारलं, "आपल्या पलटनीचं नाव न्हाई घेतलं? नक्की?"

"न्हाई, आबा."

"पुन्यांदा सांग. ह्या मागच्यांना ऐकू आलं न्हाई."