खिडकीजवळची खुर्ची

इतर डॉक्टरांकडे औषधांची सॅम्पल्स साठतात, आमच्या क्लिनिकमध्ये माझे किस्से साठले. चहाच्या वेळी कुणीतरी एक काढतं, त्याला चिकटून दुसरा निघतो, आणि मी कपात तोंड घालून बसते. अजूनही कान तापतात! म्हटलं, लोकांनी मीठमसाला लावण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. पेशंटची नावं-गावं अर्थातच बदललेली.

एम.ए. सायकॉलॉजी करून मी द्वारका चौकातल्या या मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून लागले. माझी खुर्ची खिडकीला लागून, खाली अख्खा चौक. ट्रकचा हॉर्न वाजला की मी दचकणार, हे ठरलेलं.

मला शिकवणाऱ्या सीनियर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पेशंट आधी तुझं बसणं-बघणं पाहतो, मग तुझं ऐकतो. सुरुवातीलाच त्याला मोकळं वाटलं तर तो टिकतो. तुझे पेशंट टिकले तर ही खोली तुझी. नाहीतर तू आणि रिसेप्शन!"

माझे टिकत नव्हते.

*

पुस्तकात होतं: हाताची घडी म्हणजे विरोध. आपणही तसंच बसावं, मग हळूच हात सोडावेत, पेशंटही सोडतो.

एक रिटायर्ड गुरुजी घडी घालून बसले. मीही घातली. मग सोडली. ते ढिम्म! पुन्हा घातली, पुन्हा सोडली.

शेवटी गुरुजी कळवळून म्हणाले, "बाळ, तुलाही गार लागतंय ना? मग तो पंखा बंद कर की! मी मघापासून संकोचतोय."

*

मॅडम म्हणाल्या, ऐकताना मान हलवत जा, पेशंटला धीर येतो.

देवळ्याचे एक कांदेवाले काका आले आणि बायकोबद्दल भरभरून बोलले. मी मान हलवतेय, हलवतेय...

दुसऱ्या दिवशी दार धाडकन उघडून काकूच हजर! मी जागीच उडाले.

"तुमीच का त्या मॅडम? मी भांडकुदळ हाय, माझी आय बी भांडकुदळ, असं म्हनल्या तुमी?"

"नाही हो काकू, मी एक शब्दसुद्धा बोलले नाही!"

"हे म्हनले, मॅडम समद्याला हो हो करत व्हत्या. केलं का नाय?"

आणि मी सवयीने मान हलवली!

*

पेशंटची परवानगी घेऊन मॅडम सेशन हँडीकॅमवर घ्यायच्या आणि टीव्हीचा आवाज बंद करून बघायच्या. एकदा त्यांनी आमच्याच, पण मला अजून न पाहिलेल्या मोठ्या डॉक्टरांना माझी कॅसेट दाखवली. पडद्यावर एक तरुण आरामात टेकून बसलेला. समोर मी, खुर्चीच्या टोकावर, ओढणीला पीळ घालत.

डॉक्टर काळजीने म्हणाले, "मुलगी फारच घाबरलीय. रात्री झोप लागते का तिला?"

मी मागेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

*

सुनीताला तिचा भाऊ देवळाली कॅम्पहून घेऊन यायचा. घरात कुकर फुटल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती. तिकडे लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला की पलंगाखाली शिरायची. माझ्याकडे येऊनही नुसती फरशीकडे बघत बसायची.

तिसऱ्या खेपेला भाऊ म्हणाला, "मॅडम, आजही नाही बोलली तर आम्ही काही परत येत नाही. गावाकडे नेतो, अंगारा-धुपारा करतो." आणि तो बाहेर जाऊन बसला.

मी जीव तोडून सैल बसले. हात मांडीवर, खांदे खाली, श्वास संथ. सगळं पुस्तकाबरहुकूम!

तेवढ्यात खाली चौकात धाड्!

मी किंचाळले. फाइल उडाली, पाण्याचा ग्लास लवंडला. भानावर आले तेव्हा पेशंट खुर्चीवर आणि मी टेबलाखाली! वर यायचं कुठल्या तोंडाने? गेली, ही पण गेली...

सुनीता खाली वाकली. तिचाही चेहरा पांढराफटक होता, पण हात माझ्यापुढे आला.

"या बाहेर, ताई. ट्रकचा टायर होता." मला वर ओढत म्हणाली, "मला पण असंच होतं."

पुढच्या आठवड्यात ती आली. एकटी, बसने. मी म्हटलं, "बस ना."

ती बसली नाही. माझी खुर्ची खिडकीपासून ओढत पार पलीकडच्या भिंतीशी नेली, पदराने झटकली आणि म्हणाली, "आधी तुम्ही बसा."