एतेल्विनाची चौथी भिंत

एतेल्विनाला दगडाची पारख गुडघ्यांनी शिकवली होती. पॅरिसच्या बाहेर एका सहा मजली इमारतीची ती सव्वीस वर्षं देखभाल करत होती. जिना पांढऱ्या चुनखडीचा. आठवड्यातून दोनदा ओणवं होऊन ती तो घासायची. कुठला दगड सांडलेली कॉफी पिऊन टाकतो, कुठला तेलाचा डाग जन्मभर धरून ठेवतो, हे तिला न बघता कळायचं.

तिचा नवरा बेल्मिरो गवंडी. वर्षभर फ्रेंच लोकांच्या न्हाणीघरांना टाइल्स लावायचा, आणि दर ऑगस्टात पोर्तुगालला, व्हिझेउ शहरापलीकडच्या आपल्या गावी येऊन स्वतःच्या घराला. तेही बाहेरून, पायापासून पागोळीपर्यंत, बाटलीसारख्या हिरव्यागार टाइल्स. एका सुट्टीत एक भिंत व्हायची, कधी अर्धीच. त्याची चुलत बहीण झुल्मिरा शेजारीच राहायची. ती म्हणायची, "तुमचं न्हाणीघर उलटं झालंय गं. आंघोळ काय रस्त्यावर करणार?"

"करीन की. तू टॉवेल धरून उभी राहा," एतेल्विना म्हणायची.

पश्चिमेची चौथी भिंत पुरी व्हायला दोन ऑगस्ट गेले. मग राहिल्या फक्त कडा. घराच्या कोपऱ्यांवर आणि खिडक्यांभोवती कापलेल्या टाइल्सची लाल माती उघडी दिसत होती. बेल्मिरो म्हणाला, ॲल्युमिनियमची पट्टी ठोकू. एतेल्विनाने ऐकलं नाही. दगडच हवा. दुसऱ्या दिवशी दोघं वाल्देमार मेस्त्रीच्या दगड कापायच्या कारखान्यात गेले.

मेस्त्रीने आधी झिलई केलेली पांढरी चुनखडी दाखवली. एतेल्विनाने तिच्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि थांबली. थेंब बघता बघता आत गेले. "हा पितोय," ती म्हणाली. "पहिल्याच हिवाळ्यात शेवाळ धरेल." मग आला पिवळसर ग्रॅनाइट. त्याच्यात तिला लोखंडाचे ठिपके दिसले. "हा पाच वर्षांत गंजाचे ओघळ सोडेल." शेवटी तिने करडा, बारीक कणांचा ग्रॅनाइट निवडला. झिलई नको, कड जराशी गोल हवी, आणि जाडी टाइल आणि खालचा सिमेंटचा मसाला मिळून होते त्याहून केसभर जास्त, म्हणजे कापलेली कड आत लपेल.

"एतेल्विनाबाई, माझ्याकडे कामाला या," मेस्त्री म्हणाला. "गिऱ्हाइकं पळतील, पण दगड खूश होतील."

बेल्मिरो हसला नाही. आपलं चाललं नाही म्हणून रुसलाय, असं तिला वाटलं. घरी येऊन त्याने सगळी मापं एका पुठ्ठ्यावर लिहिली आणि मेस्त्रीला नेऊन दिली.

पुढच्या ऑगस्टात मेस्त्री पट्ट्या घेऊन आला. पहिल्या खिडकीला पट्टी दोन बोटं आखूड पडली. दुसरीला वीतभर लांब. तिसरीला तर कुठलीच बसेना.

"दुसऱ्याचा माल माझ्या गळ्यात मारतोस?" बेल्मिरो चवताळला. "चाळीस वर्षं गवंडी आहे मी."

मेस्त्रीने खिशातून पुठ्ठा काढला आणि एतेल्विनाच्या हातात दिला. एकाच खिडकीचं माप तीनदा लिहिलं होतं, तीन वेगळ्या आकड्यांत. तिने पुठ्ठा एप्रनच्या खिशात सरकवला.

"मेस्त्री, चूक तुमचीच झाली असेल," मेस्त्रीच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली.

मेस्त्रीने मान डोलावली. "हो. माझीच. म्हातारा झालो आता."

विषय बदलावा म्हणून त्याने सर्वांत लांब पट्टी उचलली, पश्चिमेच्या भिंतीच्या कोपऱ्यावर ओळंब्याची दोरी सोडली आणि पट्टी सरळ उभी केली. तेव्हा ते दिसलं. टाइल्सची ओळ खाली पट्टीपासून बोटभर सुटली होती आणि वर जाता जाता तळहातभर लांब गेली होती. दोन उन्हाळे एतेल्विना त्या भिंतीखाली कपडे वाळत घालत होती. तिला काही दिसलं नव्हतं.

बेल्मिरो चार पावलं मागे गेला. गवंड्याच्या नजरेने त्याने भिंत खालून वर पाहिली.

"ही कोणी लावली?"

मेस्त्रीने पट्टी खाली ठेवली.

"विचारतोय मी. कोणी लावली ही?"

"शहरातला एक माणूस होता," एतेल्विना म्हणाली. "तू कामावर होतास तेव्हा."

"दारुडा असणार. पैसे दिलेस त्याला?"

"नाही."

"देऊ नकोस. आपल्या घराला असली भिंत नको. उतरवतो मी."

सकाळी कॉफी पिऊन त्याने छिन्नी आणि हातोडा घेतला. हात काहीच विसरले नव्हते. एकेक टाइल तो बेताने फोडत होता, खालच्या गिलाव्याला धक्का न लावता. तीन दिवस लागले. थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि ते एतेल्विनाच्या तोंडून निघेना. ती खाली तुकडे बादलीत भरत राहिली. झुल्मिरा कुंपणाशी आली, वर बघितलं, खाली बघितलं, आणि घरातून दुसरी बादली घेऊन आली.

फ्रान्सला परतल्यावर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मुलगी सान्द्रीन म्हणाली, "आई, ते घर विकून टाका." एतेल्विनाने विकलं नाही. दोन वर्षांनी नोकरी संपली, नोकरीबरोबर मिळालेली इमारतीतली खोली सोडावी लागली, आणि ती त्याला घेऊन कायमची गावी आली.

स्वतः बांधलेल्या घरात बेल्मिरो चौदा महिने पाहुण्यासारखा राहिला. खुर्चीत बसण्याआधी विचारायचा, "बाई, बसू का इथे?" सूप वाढलं की म्हणायचा, "तुम्हाला उगाच त्रास." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. फेब्रुवारीत त्याला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत तो गेला.

वसंतात वाल्देमार मेस्त्री आला. त्याने पट्ट्या पुन्हा मोजून कापल्या आणि तीन भिंतींना बसवल्या. मजुरी घेतली नाही. काम देखणं झालं. एतेल्विनाने सवयीने प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला, खोट शोधली. सापडली नाही. आनंदही झाला नाही.

"चौथ्या भिंतीचं काय करायचं?" मेस्त्रीने विचारलं. "तो हिरवा आता मिळत नाही. जवळपासचा मिळेल."

"राहू दे," ती म्हणाली.

मुलं एका ऑगस्टात येऊन गेली. नंतर नाही आली. पुढच्या हिवाळ्यात उघड्या भिंतीतून ओल आत शिरली, निजायच्या खोलीचा गिलावा फुगला. एतेल्विनाने पलंग स्वयंपाकघरात ओढून आणला आणि वरच्या खोल्यांना कुलूप लावलं.