येलदरीला पाठवलेला कळप

परभणीत मेंढ्यांना लस टोचणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी कॉम्प्युटरचं काम बघतो. शिबिराच्या आधी प्रत्येक मेंढपाळाला मोबाइलवर मेसेज जातो: अमुक गावात, अमुक दिवशी लसीची गाडी येईल. ती यादी नोंदींतून काढणारी क्वेरी, म्हणजे सर्व्हरला दिलेली आज्ञा, माझी. गेल्या उन्हाळ्याआधी आम्ही नवा सर्व्हर घेतला आणि वर्षभर चाललेली क्वेरी अडली. 'गाव हा रकाना ग्रुप बायमध्ये नाही,' असा एरर यायचा.

सर्व्हरचं म्हणणं खरं होतं. एका मेंढपाळाच्या नोंदी दोन-चार ओळींत असायच्या, झालेल्या शिबिरांच्या आणि येणाऱ्याचीही, कारण कळप फिरता. हिवाळ्यात एका गावाला लस, उन्हाळ्यात दुसऱ्या. ग्रुप बायनं त्या ओळी एकत्र करून मी माणसामागे एक ओळ मागत होतो. मग गाव कोणतं दाखवायचं, एवढंच सर्व्हर विचारत होता. जुना सर्व्हर विचारायचा नाही, हाताला लागेल ते गाव द्यायचा.

मला घाई होती. इंटरनेटवर कुणीतरी सुचवलेलं वाचलं आणि गावाच्या रकान्याला मॅक्स लावून टाकला; मॅक्स म्हणजे क्रमानं शेवटचं असेल ते उचल. शेवटची तारीख काढायला तो आधीपासून होताच. एरर गेला. पहिली दहा नावं तपासली, बरोबर निघाली. कशी निघणार नाहीत? त्या दहाही जणांच्या सगळ्या नोंदी आपापल्या एकाच गावच्या होत्या. मी मेसेज सोडले आणि चहाला गेलो.

गुरुवारी दुपारी एका मेंढपाळाचा फोन आला. आवाज वयस्कर होता.

"साहेब, आमी येलदरीला येऊन थांबलोत. गाडी कुठंय तुमची?"

गाडी ताडकळसला होती. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, त्याचा कळप ताडकळसच्या शिवारातच बसला होता, मेसेज आला म्हणून चार दिवस चालवत इकडं आणला. मी म्हणालो, तुम्ही मेसेज नीट वाचला नसेल. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यायचा होता. हे मी म्हणालो. त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत असेच आणखी फोन आले. संस्थेच्या प्रमुखांनी, आमच्या सरांनी, मला बोलावून विचारलं. त्या क्षणी माझ्या मनात मॅक्स आला होता, हे मी आज कबूल करतो. नक्की काय झालं ते कळलं नव्हतं, पण शंका आली होती. तरी मी म्हणालो, "एन्ट्रीत गडबड झाली असेल."

एन्ट्री, म्हणजे नोंदी कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम, ऑफिसातल्या ताई करायच्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, गंगाखेडहून रोज एसटीनं येणाऱ्या. सरांनी सगळ्यांसमोर त्यांना बोल लावले आणि दुसऱ्या दिवसापासून फोन घ्यायला बसवलं. मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

शुक्रवारी त्या रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्या मेंढपाळाच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "मी ताडकळसच लिहिलंय. कॉम्प्युटरमध्ये पण बघा."

बघितलं. दोन ओळी होत्या. हिवाळ्यातली येलदरीची आणि या गुरुवारची ताडकळसची. मॅक्सनं तारखांतली शेवटची घेतली, म्हणजे गुरुवार. गावांत अक्षरांच्या क्रमानं शेवटचं घेतलं, म्हणजे येलदरी. एका ओळीचं गाव, दुसऱ्या ओळीची तारीख. असं शिबिर कुठंच नव्हतं, माझ्या यादीत मात्र होतं.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. आधी प्रत्येकाची शेवटची तारीख काढायची, मग त्या तारखेच्या मूळ ओळीकडे परत जाऊन तिथलंच गाव उचलायचं. ताई शेजारी उभ्या होत्या. मी म्हणालो, ताई, चूक माझी होती. त्यांनी विचारलं, "सरांना सांगितलं का?" मी नाही म्हणालो. त्या रजिस्टर मिटून गेल्या.

शनिवारी गाडी येलदरीला पाठवली, मीही गेलो. तो म्हातारा मेंढपाळ वाघरीच्या जाळीजवळ उभा होता, आत मेंढ्या दाटून बसलेल्या. लय ऊन होतं, एक गाभण मेंढी वाटेतच गेली, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. मी म्हणालो, मेसेज चुकीचा गेला, माझ्याच हातून. त्यानं ऐकून घेतलं.

"चूक व्हती माणसाकडून," तो म्हणाला. "पर फोनवर आमालाच का खोटं पाडलं?"

त्याच्या बायकोनं दिलेला चहा मी उभ्या उभ्याच प्यायलो.

सरांना मी सोमवारी सांगितलं, तेही केबिनचं दार लावून. ते म्हणाले, झालं ते झालं, आता नीट चालतंय ना? आणि ताईंना परत एन्ट्रीवर बसवलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता ताई रोज साडेपाचला दिवसभराच्या नोंदींची प्रिंट माझ्यासमोर ठेवतात आणि नोंदी बरोबर असल्याची प्रत्येक पानावर माझी सही घेतात. असा नियम ऑफिसात कुणी केलेला नाही. मी सह्या करतो. त्या पानं मोजून फाइलला लावतात आणि एसटी गाठायला निघतात.