भीमसेनअण्णांच्या पडद्याचा आकार

राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत भीमसेन मोहित्यांना सगळे अण्णा म्हणतात. चौतीस वर्षं ते एका यंत्रांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. केसभर चूक दिसली की माल परत. निवृत्तीनंतर परत पाठवायला माल उरला नाही, म्हणून ते घरातल्या वस्तू मोजू लागले. एकदा त्यांनी इडल्यांचा व्यास मोजला. त्यांच्या पत्नी शिवलीलावहिनींनी पुढचे आठ दिवस फक्त उपमा केला.

त्यांच्या मुलीने, आश्लेषाने, आईवडिलांना प्रोजेक्टर घेऊन द्यायचं ठरवलं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला राहते. "अप्पा, कुठला घ्यायचा ते तुम्हीच ठरवा," असं ती अण्णांना फोनवर बोलून गेली, आणि पुढचे तीन महिने पस्तावली.

अण्णांच्या वाचनात आलं की प्रत्येक प्रोजेक्टरला चित्राचा एक मूळ आकार असतो, म्हणजे रुंदी आणि उंचीचं प्रमाण. कुणाचा सोळास नऊ, कुणाचा सोळास दहा, जुन्यांचा चारास तीन. वेगळ्या आकाराचं चित्र लावलं की वरखाली किंवा दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहते. रिकामी जागा अण्णांना सहन होत नाही. त्यांनी हॉलच्या भिंतीवर तीन रंगांच्या चिकटपट्ट्यांनी तीन चौकोन आखले आणि घरात कोण काय बघतं याची नोंद सुरू केली.

"अहो, मी मालिका बघताना मागे वही घेऊन उभे राहू नका," वहिनी म्हणाल्या.

"तू बघ ना. मी फक्त लिहितोय."

पंधरा दिवसांनी निष्कर्ष निघाला. मालिका आणि क्रिकेट सोळास नऊ. सिनेमे त्याहून लांबट. आणि एक चारास तीन: अण्णा-वहिनींच्या लग्नाची कॅसेट, जी आश्लेषाने अकरा वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवर उतरवून दिली होती आणि लग्नाच्या दर वाढदिवसाला टीव्हीवर लागायची. अण्णांनी सोळास दहा निवडला.

"अप्पा, त्यात यातलं काहीच नीट बसत नाही," आश्लेषा म्हणाली.

"म्हणूनच. कुणावर जास्त अन्याय नको."

शेवटी अण्णा आणि वहिनी नागराजच्या प्रोजेक्टरच्या दुकानात गेले. नागराज अण्णांना चांगला ओळखतो, कारण अण्णा याआधी सहा वेळा येऊन काही न घेता गेले होते. त्याने खुर्च्या पुढे केल्या.

"सार, घरासाठी सोळा-नऊ घ्या. स्वल्प जागा उरली तर उरू द्या."

"आधी हे लावून दाखव," म्हणत अण्णांनी पेनड्राइव्ह दिला.

नागराजने चित्र त्याच्या मूळ आकारात लावलं. पडद्याच्या मधोमध लग्नाचा मांडव उमटला, दोन्ही बाजूंना काळोख. अण्णा त्या काळोखाकडे बोट दाखवणार, एवढ्यात वहिनी पुढे सरकल्या. पडद्यावर हिरव्या शालूतली एक सडपातळ मुलगी खाली मान घालून बसली होती.

"ही मी?"

"तुम्हीच ना, अम्मा," नागराज म्हणाला. "घरी टीव्हीवर ताणून बघत असाल. बाजू भरायला तो चित्र रुंद करतो. माणसं जाड दिसतात."

वहिनींनी सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. "अकरा वर्षं मी समजत आलेय, लग्नातच मी एवढी जाड होते. तुम्ही तर केसभर चूक पकडणारे. बायको एवढी रुंद दिसतेय, हे कळलं नाही?"

"मला वाटलं..." अण्णा म्हणाले.

"काय वाटलं?"

अण्णांनी नागराजकडे पाहिलं. नागराज वायर तपासू लागला.

तेवढ्यात पडद्यावर वहिनींचे वडील आले, हातात लाडवांचं ताट घेऊन. बारीक, उंच, किंचित वाकलेले. लग्नानंतर वर्षाच्या आत ते गेले होते.

"तात्या असेच होते," वहिनी म्हणाल्या. "टीव्हीवर कुणी दुसरंच वाटायचं. मला वाटलं, मीच विसरत चाललेय."

अण्णांनी चित्र मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा. तात्या तीन वेळा ताट घेऊन आले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक ताटकळत होतं, पण नागराजने त्याला खुर्ची पुढे केली.

"सोळास नऊच द्या," वहिनी म्हणाल्या. "आणि बाजू रिकाम्या राहिल्या तर राहू देत. कुणाला ताणायचं नाही."

"सरी, अम्मा," म्हणत नागराजने होकारार्थी मान हलवली.

अण्णांनी वही उघडली, एक पान वाचलं आणि मिटली. तीन महिन्यांचा निर्णय बायकोने एका वाक्यात फिरवला, याचं त्यांना वाईट वाटलंच. रिक्षा घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "लग्नात मला तू जाड वाटली नव्हतीस."

"मग टीव्हीवर बघून काय वाटायचं?"

"टीव्ही बरोबर असेल. माझीच आठवण चुकली असेल."

वहिनींनी तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं. हसत होत्या की काय, ते अण्णांना दिसलं नाही.